दसऱ्याचं तेल

दसऱ्याला धनवंताबाई बिसेनांच्या घरी लोखंड कोरडं राहत नसे. विळे, कुऱ्हाड, सब्बल, पंपाचे पाने, झालंच तर शिलाई मशीनचं चाकसुद्धा अंगणात यायचं. धुवायचं, पुसायचं, जवसाचं तेल चोपडायचं आणि मग हळद, कुंकू, झेंडूचं फूल. तेल लावलेल्या लोखंडाला गंज धरत नाही आणि पुजलेलं लोखंड धन्याला लागत नाही, असं त्यांच्या सासूनं सांगून ठेवलं होतं. तीस वर्षांत त्या घरच्या विळ्यानं कुणाचं बोट कापलं नव्हतं. कापलं असेल, तर तसं सांगायची कुणाची छाती झाली नव्हती.

२०१४ च्या दसऱ्याला त्यांनी आणखी एका लोखंडाला तेल लावलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या तेलानं त्यांच्या सुनेचा हात मोडला. तेलाची गोष्ट एकट्या धनवंताबाईंना ठाऊक होती. पाच महिने त्यांनी ती कुणाला कळू दिली नाही.

पण ते लोखंड घरात आलं कसं, ते आधी सांगायला हवं.

सून योगेश्वरी गोंदिया शहरात वाढलेली, त्यामुळे तिच्या बोलण्यात निम्मी हिंदी. लग्नाआधी चार वर्षं ती पुण्यात नोकरीला होती. खुर्चीवर बसून बसून पाठ धरली, तेव्हा मैत्रिणीबरोबर एका क्लासात जाऊ लागली आणि तिथं पोल डान्स शिकली. छताला आणि फरशीला घट्ट बसवलेला एक गुळगुळीत खांब. त्यावर चढायचं, लटकायचं, फिरायचं, उलटं व्हायचं. लग्न होऊन ती तिरोड्याजवळच्या या गावात आली, परीक्षा देऊन तिरोड्याच्या पोस्टात लागली, आणि पाठ पुन्हा बोलू लागली. मग तिनं नवऱ्याला सांगितलं, मला एक खांब बसवून द्या.

नवरा लोकेंद्र वीज प्रकल्पात फिटर. त्याला पाइप म्हटलं की हुरूप. त्यानं गोंदियाहून पावणेदोन इंची स्टेनलेसचा पाइप आणला आणि धानाच्या जुन्या कोठीत, वर गर्डरला नि खाली फरशीला प्लेटा ठोकून, साडेदहा फुटांचा खांब उभा केला. धान आता थेट गिरणीत जायचं, कोठी रिकामीच होती. खाली दोन कापसाच्या गाद्या टाकल्या.

धनवंताबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"हे काय होय? मांडवाची मेढ होय का?"

"पोल होय आई. याच्यावर एक्सरसाइज करतात," योगेश्वरी म्हणाली.

"एक्सरसाइज करतेस त चड्डी कायले अर्धी?"

"कपडा घसरते आई. कातडी धरते. पाय झाकला त मी सरळ खाली."

धनवंताबाईंना हे पटलं नाही. त्यांनी कोठीच्या खिडकीला गोणपाट लावलं, आणि शेजारची रुख्मा चौकशीला आली तेव्हा तिला सांगितलं की सुनेच्या पाठीचा इलाज चालू आहे. रुख्मा काही दुधखुळी नव्हती. दोन दिवसांत गावभर झालं की बिसेनांच्या कोठीत नाचायचा खांब आहे. धनवंताबाई आठवडाभर सुनेशी मोजकंच बोलल्या.

त्यांचं मन वळलं ते हळूहळू, आणि वळवलं योगेश्वरीच्या पडण्यानं. एक गोष्ट तिला जमत नव्हती. हातांनी खांब धरायचा, पाय वर फेकायचे, डोक्याच्या वर मांड्यांमध्ये खांब आवळायचा, आणि मग दोन्ही हात सोडून खाली डोकं वर पाय असं राहायचं. रोज सकाळी सहाला ती ते करायची आणि रोज घसरत गादीवर यायची. मांड्यांवर जांभळे डाग पडायचे. ती उठायची, स्पिरिटच्या बोळ्यानं खांब पुसायची, पुण्याहून मागवलेली पांढरी भुकटी हाताला लावायची आणि पुन्हा चढायची. तीस वर्षं रोवणी केलेल्या बाईला मेहनत कशाला म्हणतात हे शिकवावं लागत नाही. एकदा योगेश्वरी खाली वाकून तळवे जमिनीला लावायची धडपड करत होती, तर धनवंताबाईंनी हातातलं सूप बाजूला ठेवलं आणि लुगड्यातच, गुडघे न वाकवता, दोन्ही तळवे फरशीवर टेकवले.

"आई, ये कैसे?"

"चिखलात दिवसभर असंच राहा लागते. तुमच्या क्लासात रोवना नाही शिकवत वाटते."

त्या दिवसापासून धनवंताबाई सकाळी कोठीत तांदूळ निवडायला बसू लागल्या. उलटं लटकण्याला त्यांनी वटवाघूळ असं नाव ठेवलं. आणि जेव्हा ते पहिल्यांदा जमलं, तेव्हा सून किती वेळ टिकते ते त्या मोजू लागल्या. धान मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. आणि वीस मापं झाली की खंडी. तशाच त्या मोजायच्या. लाभ, दोन, तीन. सप्टेंबर संपेस्तोवर गाडी सतरावर आली होती. खंडी भरायला तीनच मापं कमी होती, आणि ती दोघींनाही हवी होती, हे रुख्माला कळलं असतं तर तिला तोंडात बोट घालावं लागलं असतं.

म्हणून दसऱ्याला धनवंताबाईंनी मनाशी ठरवलं. घरात मेहनतीचं जे जे आहे ते पुजायचं, तर मग हा खांब काय वेगळा? योगेश्वरी माहेरी सोनं द्यायला गेली होती, लोकेंद्र कामावर. त्यांनी शिडी लावली आणि वरच्या प्लेटीपासून खालपर्यंत खांबाला मायेनं तेल चोपडलं. मग खालचं, हात पोचतो तिथवरचं, फडक्यानं खसाखसा पुसून काढलं, जाता-येता कुणाच्या लुगड्याला लागायला नको म्हणून. वरचं राहू दिलं. वर कुणाचं लुगडं लागणार होतं? बुडाशी कुंकवाचं बोट टेकवलं, फूल ठेवलं, हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी योगेश्वरीनं फूल पाहिलं. ते उचलून बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "आई, आज खंडी भरतेच पाहा."

नेहमीसारखा तिनं हात पोचेल तिथवर खांब पुसला. ती चढली. हात पुसलेल्या भागावर होते, पाय फेकले ते वरच्या भागावर. धनवंताबाईंनी लाभ म्हटलं, आणि दोन म्हणायच्या आत योगेश्वरी खाली आली होती. डोकं वाचवायला तिनं डावा हात पुढे केला आणि तो गादीच्या कडेबाहेर फरशीवर पडला.

मनगट मोडलं होतं, खांदा दुखावला होता. गोंदियाला नेलं, प्लास्टर झालं. या सगळ्या धावपळीत धनवंताबाईंना तेल आठवलं नाही, आणि इतर कुणाला ते सुचायचं कारणच नव्हतं. दसऱ्यात सगळ्या घरालाच जवसाचा वास असतो. सायंकाळी त्या गाद्या उचलायला कोठीत गेल्या. सहज खांबाला धरून उठल्या आणि वर बघितलं. दिव्याच्या उजेडात खांबाचा वरचा भाग खालच्यापेक्षा जास्त चमकत होता.

शिडी लावून त्यांनी वर हात फिरवला. हात सुळकन खाली आला. मग त्यांनी गरम पाणी आणि सोडा घेतला आणि सगळा खांब तीनदा धुतला. का धुतला, हे त्यांना कुणी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलंही असतं. कुणी विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं माणूस पन्नास वेळा दुसऱ्याच्या बाबतीत हसून म्हणतो. स्वतःच्या बाबतीत ते घशातच अडकतं.

प्लास्टर सहा आठवडे होतं. त्या सहा आठवड्यांत धनवंताबाईंनी सुनेला पाण्याचा तांब्या उचलू दिला नाही. वेणी घातली, भाकर मोडून दिली. रुख्मा म्हणाली, "आता त काढान तो खांब." धनवंताबाई म्हणाल्या, "तुह्या घरी आहे का तो?" रुख्मा उठून गेली.

प्लास्टर निघालं तेव्हा आतून जो हात निघाला तो पाहून योगेश्वरी रडली. बारीक, पांढरट, बोटं सुजलेली. मूठ वळेना. हात तर खांद्याच्या वर जाईना. पोस्टात ती उजव्या हातानं शिक्के मारायची, पण डाव्यानं पाकीट धरून ठेवायलाही जमायचं नाही. गोंदियाच्या फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी व्यायाम लिहून दिले आणि सांगितलं, घाई नको पण खाडा नको.

खाडा पडू द्यायला धनवंताबाई कशाला बसल्या होत्या? भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा व्यायाम होता. जिथं बोट थांबेल तिथं त्या कोळशानं रेघ मारायच्या. योगेश्वरी म्हणायची, बस आई, दुखते. त्या म्हणायच्या, दुखू दे, कालच्या रेघीवर आलीस की सोडतो. रबरी चेंडू दाबायचा कंटाळा आला तर ओलं धोतर पिळायला द्यायच्या, कणीक मळायला द्यायच्या. डिसेंबरात रेघ खांद्याला होती, संक्रांतीला कपाळाला, आणि फेब्रुवारीत सुनेचं बोट भिंतीवर जिथं पोचलं तिथं धनवंताबाईंचा हात पोचेना; त्यांना पाटावर उभं राहावं लागलं. प्रायश्चित्त म्हणतात ते हेच असावं, असं त्यांना वाटायचं. सून बरी झाली की हिशेब फिटला. मग सांगायची गरजच काय?

मॅडमनी परवानगी दिली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात योगेश्वरी पुन्हा खांबाजवळ उभी राहिली. हात बरा होता. पकड बरी होती. ती अर्ध्यापर्यंत चढली, पाय वर फेकायची वेळ आली, आणि ती तिथंच थिजली. मग हळूच खाली उतरली.

दुसऱ्या दिवशी तसंच. आठ दिवस तसंच. मांड्या थरथरायच्या. नवव्या दिवशी ती गादीवर बसून म्हणाली, "नाही होत आई. हाताची गोष्ट नाही. माझ्या मांडीतच दम नाही. त्या दिवशी तेच झालं. मी पूरा जोर लावला होता, तरी सुटली. आता वर गेली की वाटते, पुन्हा सुटते."

"भेव होय ते. जाते."

"भेव नोहे. खरं होय. ज्याचा भरोसा होता तेच सुटलं, त मी काय धरू?"

धनवंताबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांच्या हातातून खडा निसटून पुन्हा तांदळात पडला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. त्यांच्या मनात तर भर दुपारचं ऊन होतं. हाड त्यांनी जोडून घेतलं होतं, खांदा वर नेला होता, पण खरं जे मोडलं होतं ते त्यांच्या मौनामुळेच जुळत नव्हतं. सून स्वतःच्या देहाला खोटं ठरवत होती आणि त्या शेजारी बसून तांदूळ निवडत होत्या. स्वतःची एवढी चीड त्यांना आयुष्यात आली नव्हती.

तरी त्या गप्प राहिल्या. सासू चुकते, हे त्या घरात आजवर कुणी ऐकलं नव्हतं. आणि चूक तरी काय साधी होती? हात मोडला होता पोरीचा.

रविवारी लोकेंद्र पाने घेऊन कोठीत आला. योगेश्वरीनंच त्याला बोलावलं होतं. "काढून टाका," ती म्हणाली. "रोज पाहते त जीव जळते." लोकेंद्रनं वाद घातला नाही. पाइप गोठ्याच्या फाटकाला लावू म्हणाला. तो खाली बसला आणि बुडाच्या प्लेटीच्या पहिल्या नटाला पाना लावला.

धनवंताबाई आत आल्या आणि त्या प्लेटीवर पाय ठेवून उभ्या राहिल्या.

"माय, सरक. पायाले लागन."

"पहिले माह्यं आयका दोघं जन. मंग काढायचं त काढा."

लोकेंद्रनं पाना खाली ठेवला.

"हिची मांडी नाही सुटली. मीनं तेल लावलो होतो खांबाले. दसऱ्याची पूजा होती. खालचं पुसलं, वरचं नाही पुसलं. त्याच्यावरून घसरली हे. त्या दिवशी रातच्याले मीच धुतलो सोड्यानं."

लोकेंद्रनं मान वर करून गर्डरपर्यंत खांबाकडे पाहिलं.

"स्टेनलेस होय माय," तो म्हणाला. "याले गंज धरते का कधी?"

"माले का मालूम? लोखंड समजून लावलो."

"पाच महिने झाले. काऊन नाही बोललीस?"

"लाज वाटे. भेव वाटे. हे पोरगी आता घरात राहते का जाते, असं वाटे." त्या सुनेकडे वळल्या. "माह्या हातानं पडली तू, योगेश्वरी. तुह्या मांडीनं नाही. तुले काय शिव्या द्यायच्या त दे. पन मांडीले नको देऊ."

योगेश्वरीचा चेहरा लाल झाला होता. तिनं शिव्या दिल्या नाहीत. "पाच महिने मी रोज रात्री स्वतःले विचारलं, मी काय चुकली," एवढंच ती म्हणाली, आणि कोठीतून निघून गेली.

दोन दिवस ती सासूशी बोलली नाही. जेवण वाढायची, त्यांची रोजची औषधाची गोळी ताटाशेजारी ठेवायची, सकाळी टिफिन घेऊन पोस्टात जायची. धनवंताबाईंना वाटलं, आता माहेरी जाते. लोकेंद्रनं पाने पिशवीत घातले नव्हते, खांबाशीच पडू दिले होते. खांब काढायचा की राहू द्यायचा हे त्यालाही कळत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला हाक आली.

"आई, शिडी आना."

त्या शिडी घेऊन कोठीत गेल्या. योगेश्वरी अर्ध्या चड्डीत, केस बांधून उभी होती. हातात स्पिरिटची बाटली आणि नवं फडकं.

"वर चढा. वरून खालवर पुसा. माझ्या समोर."

अठ्ठावन्न वर्षांच्या धनवंताबाई लुगड्याचा काष्टा घट्ट करून शिडीवर चढल्या. प्लेटीपासून त्यांनी पुसायला सुरुवात केली. खांब स्वच्छच होता, हे दोघींनाही माहीत होतं. तरी त्यांनी वीत-वीत पुसलं. फडकं पालटून पुन्हा पुसलं. स्पिरिटच्या वासानं डोळ्यांत पाणी आलं. निदान त्यांनी तसं समजून घेतलं.

"हात फिरवा. घसरते का?"

"नाही घसरत."

"पूर्ण?"

"पूर्ण. चिकटून राह्यला हात."

"मग तिथंच थांबा. शिडीवरून उतरू नका, फक्त बाजूले होऊन शिडी धरून राहा."

योगेश्वरीनं हाताला पांढरी भुकटी चोळली आणि ती चढली. एक टप्पा, दुसरा टप्पा. डाव्या मनगटाची शीर ताणून वर आली. अर्ध्यावर पोचल्यावर ती थांबली, तिथंच, जिथं रोज थांबत होती. धनवंताबाईंना तिच्या मांड्या थरथरताना दिसल्या. त्यांच्या जिभेवर आलं होतं, राहू दे बाई, उतर खाली. ते त्यांनी गिळलं.

"मी पुसलो आहे," त्या म्हणाल्या.

योगेश्वरीनं पाय वर फेकले. मांड्यांनी खांब आवळला. कातडी खांबावर किंचित करकरली आणि धरली. एक हात सुटला. मग दुसरा. ती उलटी लटकली, वेणी खाली, दोन्ही हात मोकळे, आणि तिचा चेहरा शिडीवरच्या सासूच्या गुडघ्यांसमोर आला.

"मोजा आई."

"लाभ," धनवंताबाई म्हणाल्या. "दोन. तीन."

दहाला मांड्या थरथरायच्या थांबल्या. सतराला दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. अठरा, एकोणीस.

"वीस. भरली खंडी. ये आता खाली."

योगेश्वरी आली नाही. उलट्या चेहऱ्यानं ती सासूकडे बघत राहिली.

"दुसरी भरा," ती म्हणाली.

धनवंताबाईंनी शिडी घट्ट धरली आणि पुन्हा लाभापासून मोजायला लागल्या.